हिरीचा गाळ

“आरं, त्या कोपऱ्यातला राहिला की. तितं काय तुमचा आजा पुरलाय, हात लावंनात?”

चंद्रभागाबाई विहिरीच्या काठावर उकिडवी बसून खाली ओरडत होती. सकाळीच मोटार लावून होतं नव्हतं ते पाणी उपसून टाकलं होतं आणि आता चार गडी तळाला गुडघाभर गाळात उभे होते. दोराला बांधलेली टोपली भरून वर यायची, तिचा नवरा अंकुशराव ती ओढून बाजूला रिचवायचा. वरचा गाळ काळा होता, कुठल्याही विहिरीचा असतो तसा. हातभर खाली गेल्यावर मात्र तो पिवळट हिरवा यायला लागला आणि त्याचा दर्प असा उग्र की गड्यांनी तोंडाला रुमाल बांधले. एकजण तर वर येऊन बांधावर ओकला. चंद्रभागाबाईनं त्याला बिड्या कमी फुकत जा म्हणून सुनावलं आणि परत खाली धाडलं.

साठी ओलांडली तरी बाईचा आवाज तसाच खणखणीत. बेळखेडात तिच्या तोंडाला लागायला माणसं बिचकत. आणि ही विहीर म्हणजे तिचा जीव की प्राण. तिच्या सासऱ्यानं सुरुंग लावून खोदलेली, दुष्काळातही न आटलेली. येळवसेचा, मार्गशीर्षातल्या अमावास्येचा, सण आला की आजूबाजूच्या दहा शेतांतल्या बाया आंबिलीसाठी पाणी न्यायला हिच्याच काठावर यायच्या. विहिरीला कुणी नावं ठेवली तर ती तिच्या अंगाला झोंबायची.

आणि नावं ठेवणारी घरातच निघाली होती.

स्नेहा, तिची सून, खटकचिंचोळीहून झेरॉक्स काढून परतली ती तशीच शेताकडं आली. हातात फाईल, डोक्यावर ऊन. विहिरीचा तळ उघडा बघून ती जागच्या जागी थांबली.

“आत्याबाई, हे काय करायलाव?”

“दिसंना व्हय? हीर उपसायलाव.”

“उद्या साहेब पानी न्यायला येनार हाय.”

“मनूनच की. पावना दारात यायलाय. त्याला अंगन झाडून दाखवावं का उकिरडा दाखवावा?”

“उकिरडाच दाखवायचाय. मी दोन वर्सं झाली त्याच्यासाठीच अर्ज करायलेय.”

खरंच दोन वर्षं झाली होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला कोसभरावर औषधाचा कारखाना होता. तिथं कुठल्या रोगाची दवा व्हायची ते बेळखेडात कुणाला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं तो चालला. ओढ्याला फेस आला, मासे उताणे पडले, कपडे धुणाऱ्या बायांच्या हाताची सालटी निघाली. मग मालकाचं काय बिनसलं कोण जाणे, एके दिवशी फाटकाला कुलूप पडलं. गाव म्हणालं, सुटलो. पण मालक गेला तरी त्यानं आवारात खड्डे करून जे पुरलं होतं ते इथंच राहिलं. दर पावसाळ्यात ते झिरपत ओढ्याला आणि ओढ्याकाठच्या विहिरींना मिळायचं. पाऊस झाला की पाणी वर चढायचं आणि वास दबायचा, उन्हाळ्यात पाणी पिवळं पडायचं. चंद्रभागाबाई म्हणायची, जमिनीत खार उतरलाय. आता कुणी नवा मालक तो कारखाना पुन्हा उघडायच्या खटपटीत होता, म्हणून पाणी तपासायला साहेब यायचा होता.

स्नेहाचं माहेर उदगीरकडचं, शाळा सगळी मराठीतली. सरकारी अर्ज इथं कानडीत लागतो म्हणून या पोरीनं अंगणवाडीच्या तक्त्यावरून कानडी अक्षरं गिरवली होती. तिचे दोन गर्भ पडले होते. उदगीरच्या डॉक्टरीणबाईनं दुसऱ्या खेपेला एवढंच विचारलं होतं, पाणी कुठलं पिता. तेव्हापासून ती विहिरीच्या मागं लागली होती.

“आत्याबाई, आज उपसलेल्या हिरीत उद्या काय सापडनार? थांबवा गड्यास्नी.”

“कामून थांबवू? तू लोकाम्होरं माझी हीर नासकी मनून दाखवनार आन मी बघत बसू?”

“हीर तुमची नासली न्हाई. त्या लोकांनी नासवली.”

“मला शिकवायलीस?” चंद्रभागाबाई उठून उभी राहिली. गडी खाली काम थांबवून वर बघायला लागले. “चाळीस साल ह्याच पान्यावर घर चालवलं मी. तीन लेकरं ह्याच पान्यावर झाली. तवा हीर वाईट नव्हती. तू आलीस आन वाईट झाली व्हय? सोताची कूस झाकायला हिरीवर घालायलीस.”

अंकुशरावानं दोर सोडला. “आगं, काय बोलायलीस,” एवढंच तो पुटपुटला. बायकोपुढं त्याचं कधी काही चाललं नव्हतं, तेव्हाही चाललं नाही.

स्नेहानं फाईल छातीशी धरली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

तिसऱ्या प्रहरी दोन टँकर आले. ते पाठवले होते नागेंद्रानं. शेजारच्या शेतातल्या पार्वतम्माचा हा मुलगा, नव्या मालकाचा गावातला माणूस. आठवड्यापूर्वी तोच येऊन चंद्रभागाबाईच्या ओसरीत मांडी घालून बसला होता. “मावशी, तुमची हीर मंजे गावाची इज्जत. ती आशी घान दाखवायची व्हय बेंगळुरूच्या सायबाला? उपसून घ्या. वरून पानी मी देतो.” इतकं गोड तिच्याशी घरातलंसुद्धा कुणी बोलत नव्हतं. तिनं त्याला ताक दिलं होतं.

टँकरचं पाणी विहिरीत कोसळलं. चंद्रभागाबाईनं वरून तुरटी फिरवली. संध्याकाळपर्यंत तळातला खडक दिसावा इतकं निवळशंख पाणी झालं. राहिला काठावरचा गाळ. विहिरीचा गाळ म्हणजे फुकटचं खत, तो कुठला शेतकरी टाकून देतो? तिनं तो दुसऱ्या दिवशीच बैलगाडीनं वाहून, पांडव म्हणून पुजतात त्या पाच दगडांजवळच्या पट्टीत पसरायचं ठरवलं. दर येळवसेला जिथं पूजा मांडतात ती शेतातली सगळ्यात कसदार जागा.

सकाळी साहेब आला. तरुण होता, बाटल्या बर्फाच्या पेटीत आणल्या होत्या. स्नेहा वाटच बघत होती. ती सरळ पुढं झाली आणि मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाली, ही विहीर काल उपसली आहे, आतलं पाणी टँकरचं आहे.

साहेबानं वळून चंद्रभागाबाईकडं बघितलं. “खरं का, अम्मा?”

भोवती पंधरावीस माणसं जमली होती. नागेंद्र मोटारसायकलला टेकून उभा होता. सुनेनं चारचौघांत आपल्याला खोटं पाडलं, एवढंच चंद्रभागाबाईच्या डोक्यात शिरलं, बाकी काही शिरलं नाही.

“न्हाई,” ती म्हणाली. “कोन उपसली? तिच्या बोलन्यावर जाऊ नका सायेब. दोन डाव तिचं लेकरू गेलं, तवापून तिचं डोस्कं ठिकानावर न्हाई.”

साहेबानं मान हलवली आणि बाटली भरून घेतली. अंकुशराव मान खाली घालून नखानं माती उकरत होता. गाळाचा ढीग बाभळीच्या आड पडला होता, पण तिकडं बघणार कोण.

भर पावसाळ्यात तपासणीचा कागद आला. पाणी पिण्याजोगं. नागेंद्रानं पेढ्यांचा पुडा आणून चंद्रभागाबाईच्या हातात दिला. स्नेहाच्या अर्जावर ज्या चोवीस जणांनी सह्या केल्या होत्या ते आता तिला रस्त्यात टाळायला लागले. काहीजण तोंडावर म्हणाले, बाई, तुझ्या नादानं आमचीबी फजिती केलीस. चंद्रभागाबाई देवळात, दळणाच्या चक्कीवर, जिथं जाईल तिथं सांगायची, आमच्या हिरीला सरकारनं चांगलं मनलंय. पाणी चांगलं, म्हणजे खोट कुठं आहे ते तिला सांगावं लागत नसे. ऐकणाऱ्या बाया आपणच मान हलवायच्या.

स्नेहा सासूशी बोलायची बंद झाली. म्हणजे भाकरी वाढली, म्हैस सोडली, पाव्हणे आलेत, एवढं बोलायची. भालकीला अडतीत कामाला जाणारा बालाजी, तिचा नवरा, संध्याकाळी येताना वीस लिटरचा कॅन आणायचा. स्नेहा तेवढंच पाणी प्यायची. तो कॅन दिसला की चंद्रभागाबाईच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

“लेका, बायकोला भिऊन इकत पानी आनायलास. आपल्या हिरीत काय कमी हाय?”

“माय, राहू दे ना,” बालाजी म्हणायचा आणि कॅन आत न्यायचा.

त्या पावसाळ्यात पांडवांजवळच्या पट्टीत तण उगवलं नाही. चंद्रभागाबाईला तेव्हा बरंच वाटलं, खुरपणी वाचली. पुढं ज्वारी पेरली. पेरणीनंतर ती त्या पट्टीकडं गेली नाही. कंबर धरली होती, आणि कापणीआधी येळवसेलाच शेत बघायचं असा तिचा नेम.

येळवसेला मात्र ती पहाटे तीनला उठली. या वर्षीही आंबील आपल्याच विहिरीच्या पाण्याची, तिनं ठरवून टाकलं होतं. सरकारनंच सांगितलंय म्हटल्यावर कुणाच्या बापाची भीती? ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मीठ, सगळं तिनं स्वतःच्या हातानं कालवलं. शेंगा, वाल, मेथी, हरभरा, वांगी घालून भज्जीचं मोठं पातेलं उकळलं. बाजरीचे उंडे केले. स्नेहानं स्वतःपुरतं कॅनच्या पाण्यात वेगळं शिजवून डब्यात घेतलं आणि सोबत त्याच पाण्याची बाटली. सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून चंद्रभागाबाई तोंड दाबून राहिली.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारली होती. पाच दगडांना चुना लावून पूजा झाली. शेजारच्या शेतातून पार्वतम्मा आली. ती आणि चंद्रभागाबाई एकाच साली लग्न होऊन या गावात आलेल्या. एक मराठी, एक कानडी, पण चाळीस येळवसा दोघींनी एकमेकींच्या कोपीत बसून खाल्ल्या होत्या. या दिवशी वाटसरूसुद्धा उपाशी जाऊ देत नाहीत, आणि वाढलेलं कुणी नाकारत नाही.

चंद्रभागाबाईनं वाडग्यात आंबील ओतून तिच्या पुढं धरली. “घे पार्वता. आवंदाबी आपल्याच हिरीच्या पान्याची हाय.”

पार्वतम्माचा पुढं आलेला हात थांबला. तिनं वाडगा घेतला, मांडीवर धरला, मग हळूच खाली ठेवला.

“चंद्रभागाक्का, भज्जी दे. आंबील नको.”

“कामून?”

“थंडी हाय. घसा धरंल.”

“चाळीस साल धरला न्हाई आन आज धरायलाय?”

पार्वतम्मा भोळी बाई. तिला खोटं धड सांगता येत नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “राग मानू नको अक्का. माझा नागेंद्र मनला, काईबी झालं तरी त्यांच्या हिरीचं पानी तोंडाला लावू नको अव्वा. सोताची आण घातलाय त्यानं. लेकरू आण घातल्यावर कसं पिऊ सांग?”

अंकुशरावानं तोंडाशी नेलेला वाडगा तसाच धरून ठेवला. स्नेहा सासूकडं बघत नव्हती, ती आपला उंडा मोडून भज्जीत बुडवत होती.

चंद्रभागाबाई उठली. रागानं की कशानं, तिचं तिलाच कळलं नसेल. शेताला फेरी घालायला म्हणून आंबिलीचं बिंदगं कमरेवर घेऊन ती चालायला लागली. ज्वारी छातीला लागत होती, कणसं पोटरीत होती. पांडवांच्या मागं वळली आणि पुढं ज्वारीच नव्हती.

दोन गुंठ्यांची पट्टी. काही धाटं वीतभर होऊन करपलेली, बाकी जमीन उघडी. तिथं एक मुंगीसुद्धा चालत नव्हती. काळ्या मातीवर पिवळट पापुद्रा धरला होता. गाळ जिथपर्यंत तिनं पसरला होता तिथपर्यंतच, अगदी गाडी फिरली तेवढ्याच चाकोरीत. त्याच्या एक हात पलीकडं हिरवीगार ज्वारी डोलत होती.

तिनं बिंदगं खाली ठेवलं. मूठभर माती उचलली आणि नाकाशी नेली. सात महिने, एक सबंध पावसाळा, तरी वैशाखातला तो दर्प तसाच होता.

ज्या गाळात तण उगवत नाही, त्याच्यावर साठलेलं पाणी पोटात जाऊन काय करत असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बाई शेतकरी होती. तीन वर्षांत म्हशीनं तीन रेडकं गाभडली होती, ती आठवली. मग दुसरं आठवलं, आणि ती तिथंच मातीत बसली. आपण काय बोललो होतो, किती जणांपुढं बोललो होतो, ते एकेक करून तिच्या कानात यायला लागलं. तिला स्वतःची शिसारी आली.

बऱ्याच वेळानं तिनं आंबिलीचं बिंदगं त्या उघड्या मातीवरच पालथं केलं आणि रिकामं घेऊन परतली.

आठ दिवसांनी शाळेच्या पटांगणात सुनावणी होती. कारखाना पुन्हा सुरू करायला गावाची हरकत आहे का, एवढंच विचारायचं होतं. मंडप नागेंद्रानं घातला होता, चहाही त्याचाच. टेबलामागं तीन साहेब, त्यातला एक तोच बाटलीवाला. स्नेहा फाईल घेऊन मागं व्हरांड्याच्या खांबाला उभी होती. तिच्या बाजूला कुणी उभं नव्हतं.

साहेबानं तपासणीचा कागद वाचून दाखवला. कुणाची हरकत, असं विचारलं. चंद्रभागाबाई बायांच्या घोळक्यातून उठली. डोक्यावर घमेलं होतं. ती चालत गेली आणि घमेलं टेबलावर, कागदांवरच आदळलं. पिवळट माती, वर करपलेल्या ज्वारीची पेंढी.

“हे माझ्या हिरीतलं हाय,” ती कानडीत म्हणाली, टेबलामागच्या लोकांना नीट कळावं म्हणून. “तुमी आलात त्याच्या आदल्या दिवशी मी हीर उपसली होती. आतलं पानी टँकरचं होतं. सून खरं बोलत होती. मी खोटं बोलले.”

गावासमोर आपली विहीर नासकी म्हणणं आणि आपण खोटारडी म्हणणं, दोन्ही तिनं एका दमात उरकलं. मंडपात कुजबूज उठली.

नागेंद्र हसत पुढं आला. “सायेब, म्हातारं मानूस हाय. वय झालंय. पानी चांगलं असल्याचा कागद हाय की आपल्याकडं.”

“पानी चांगलं हाय?” चंद्रभागाबाई आता मराठीत त्याच्याकडं वळली. “मग तुझ्या मायला आण कामून घातलास? आन ते टँकर कोन धाडलं होतं?”

“कसली आण?”

“पार्वता, उठ. सांग.”

पार्वतम्मा बायांच्या रांगेत बसली होती. सगळ्या मंडपाच्या माना तिच्याकडं वळल्या. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. लेकाकडं बघितलं, मैत्रिणीकडं बघितलं.

“घातला होता,” ती म्हणाली. “पिऊ नको मनला होता.”

मग ती उठली आणि चप्पल न घालताच घराकडं निघाली. त्या दिवसानंतर तिनं चंद्रभागाबाईच्या दारात पाऊल ठेवलं नाही. नागेंद्राचं हसू तोंडावरच वाळलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, मग दुसरा, मग अर्जावरून माघार घेतलेले ते चोवीसही ओरडायला लागले. लोक असेच. स्नेहानं त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही.

मोठ्या साहेबानं टेबल आपटून गप्प केलं. पाणी परत न्यायचं, या वेळी गाळ आणि मातीही न्यायची, तोवर पुढचं सगळं थांबलेलं, असं त्यानं कारकुनाला लिहायला लावलं. बाटलीवाल्यानं मान वर केली नाही. कारखाना कायमचा बंद झाला, असं काही नाही. थांबला, इतकंच.

कारकून जबाब लिहून घ्यायला लागला. “अम्मा, नुकसान काय झालं ते सांगा. जनावरं?”

“म्हशीची तीन रेडकं. पोटातच.”

“शेत?”

“दोन गुंठे ज्वारी.”

“झालं?”

कारकुनाचं पेन कागदावर थांबलं होतं. चंद्रभागाबाई मागं बघत नव्हती, पण खांबाजवळ कोण उभं आहे ते तिला ठाऊक होतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मान्सं लिवा. दोन.”

“माणसं? कोण?”

“माझी नातवंडं. एक पाच महिन्याचं होतं, एक सात.”

पाठीमागं पावलं वाजली. स्नेहा टेबलाशी येऊन उभी राहिली. सासूकडं तिनं पाहिलं नाही. कागदावर बोट ठेवून ती कारकुनाला म्हणाली, “सात न्हाई. साडेसात.”

कारकुनानं सात खोडून साडेसात केलं. चंद्रभागाबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि त्याच्या खाली उठवला.